'स्कूप'चं कौतुक: रिव्ह्यूवाल्यांना नक्की काय ऐकू आलं?

प्रश्न असा आलाय, की पीट टाउनशेंडचा 'स्कूप', म्हणजे 'द हू' या बँडच्या गिटारवाल्याने घरी एकट्याने करून ठेवलेल्या डेमोंचा (डेमो म्हणजे गाणं बँडला ऐकवायला आधी केलेलं नमुन्याचं रेकॉर्डिंग) १९८३ चा डबल अल्बम, समीक्षकांनी एवढा उचलून का धरला. विचारणाऱ्याने दोनदा ऐकला, त्याला त्यात ओळखीची गाणी कमी जोमात, पियानोचे काही तुकडे आणि दोन-तीन थट्टेचे प्रकार एवढंच सापडलं, आणि आता त्याला शंका येतेय की हे कौतुक म्हणजे मोठ्या नावाला घातलेला नमस्कार होता. शिवाय जोडून विचारलंय की असले डेमो संग्रह ऐकायचे तरी कसे.

माझा धंदा रेकॉर्डिंगचा. बँडवाले, एकटे गाणारे, नाटकाचं संगीत करणारे, सगळ्यांचे डेमो वर्षानुवर्षं केलेत, त्यामुळे मी हा अल्बम चाहता म्हणून जेवढा ऐकतो त्यापेक्षा जास्त कामगार म्हणून ऐकतो, आणि त्या बाजूने सांगायचं तर कौतुक खरं होतं, नमस्कार वगैरे नव्हता, फक्त बऱ्याच जणांनी ते भलत्याच कारणासाठी केलं. 'किती साधं, किती कच्चं, किती मनापासून' असा जो सूर डेमो म्हटलं की हमखास लागतो तो 'स्कूप'ला बसतच नाही. हे डेमो कच्चे नाहीयेत. आणि ते कच्चे नाहीत हीच त्यातली गंमत आहे, तीच तुमच्या कानातून निसटली असणार, कारण रिव्ह्यू वाचून तुम्ही कच्चेपणा शोधायला बसलात.

आधी काळ बघून घ्या. १९८२ च्या सप्टेंबरात 'द हू'चा 'इट्स हार्ड' आला, मग निरोपाचा दौरा झाला आणि डिसेंबरात टोरोंटोला शेवटचा कार्यक्रम. कीथ मून १९७८ मध्येच गेलेला, ड्रमवर केनी जोन्स, बँडमध्ये जीव राहिलेला नाही हे बाहेरच्यांनाही दिसत होतं. 'इट्स हार्ड'ला 'रोलिंग स्टोन'ने पाचपैकी पाच तारे दिले होते बरं का, आणि त्यावर गायलेला रॉजर डाल्ट्री पुढे कित्येक वर्षं म्हणत राहिला की हा अल्बम यायलाच नको होता. (तारे मोजून रेकॉर्ड घेणाऱ्यांनी हे एक उदाहरण भिंतीवर लावून ठेवावं.) टाउनशेंडचं स्वतःचं म्हणाल तर १९८० चा 'एम्प्टी ग्लास' अमेरिकेत पाचव्या नंबरापर्यंत गेला, १९८२ चा 'ऑल द बेस्ट काउबॉइज हॅव चायनीज आइज' सव्विसाव्यापर्यंत, आणि त्या दुसऱ्याबद्दल 'फार शब्द, फार डोकं' अशी कुरकुर बरीच झाली. अशा वेळी हा माणूस नवा अल्बम न देता जुन्या टेपांचं कपाट उघडतो, पंचवीस तुकडे काढतो, काळाचा क्रम न पाळता एकापाठोपाठ लावतो, आणि ते अमेरिकेत पस्तिसाव्या नंबराला जातं. घरगुती टेपांच्या डबल अल्बमला हा आकडा छोटा नाही.

दुसरी गोष्ट, तेव्हा असे संग्रह काढायची पद्धत नव्हती. आज कुठल्याही जुन्या अल्बमला पन्नास वर्षं झाली की चार सीडींचा डबा येतो, त्यात सगळे खोकलेसुद्धा असतात. १९८३ मध्ये बॉब डिलनचा 'बायोग्राफ' हा संच यायला दोन वर्षं बाकी होती, बीटल्सची 'अँथॉलॉजी' तर १९९५ ची. डिलनचा 'द बेसमेंट टेप्स' १९७५ मध्ये येऊन गेला होता हे खरं, पण तो अख्ख्या टोळक्याचा उद्योग. जिवंत, चालू कारकिर्दीतला मोठा गीतकार स्वतःहून म्हणतोय की हे बघा, तुमची लाडकी गाणी बँडकडे जायच्या आधी माझ्या घरात अशी होती, आणि वर प्रत्येक गाण्याखाली लिहून देतोय की कुठल्या मशीनवर, कुठल्या खोलीत, कशासाठी केलं, हे नवीन होतं. त्या नोंदींचा रिव्ह्यूवाल्यांवर मोठा परिणाम झाला असं माझं मत आहे. टाउनशेंड लिहितो चांगलं, त्याच वर्षी तो 'फेबर अँड फेबर' या प्रकाशनात संपादक म्हणून गेला, म्हणजे लिखाणाचा हात होताच. समीक्षकाला अर्धं काम करून मिळालं की तो खूष असतो, त्यात काही वावगं नाही, मीही असतो.

तर सूर साधारण तीन. एक म्हणजे आत्मीयतेचा: बघा, रंगमंचावर गिटार फोडणारा माणूस घरी किती हळवा आहे. दुसरा इतिहासाचा: या टेपांवरून कळतं की 'द हू'चं संगीत कोण रचत होता. तिसरा कुरकुरीचा: फार लांबलंय, तुकडे फार आहेत, चाहत्यांपुरतं ठीक. तिसरा पूर्ण खोटा नाही, त्यावर खाली बोलतो. दुसरा खरा आहे पण अर्धा. पहिल्याशी माझं भांडण आहे.

कारण डेमो कशासाठी असतो ते बघा ना. नाटककार तालमीआधी कलाकारांना गोल बसवून नाटक वाचून दाखवतो, सगळ्या भूमिका स्वतःच्याच आवाजात, कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, विनोद कुठे पडला पाहिजे हे सगळं त्या वाचनातच सांगून टाकतो, आणि ते वाचन ऐकून कुणी म्हणालं की वा, किती साधेपणाने वाचलं, तर त्या बिचाऱ्याला काय वाटेल. टाउनशेंडचा डेमो म्हणजे हे वाचन. समोर बसलेत तीन माणसं. कीथ मून, ज्याला सरळ ठेका धर म्हणून सांगून उपयोग नाही. जॉन एंटविसल, जो बेसवर वेगळंच गाणं वाजवणार. आणि डाल्ट्री, ज्याला गाणं आतून पटलं नाही तर तो गाणार नाही. या तिघांना पटवायला केलेली ही रेकॉर्डिंग्ज आहेत. यात मनापासून वगैरे असेलच, पण पहिली गोष्ट आहे ती बाजू मांडणं.

आणि ती मांडायला तो किती मेहनत घ्यायचा ते टेपवर ऐकू येतं. १९६४ च्या सुमाराला बँडचा मॅनेजर किट लँबर्टने त्याला व्होर्टेक्शनची दोन टेप मशीन मिळवून दिली. एक नाही, दोन, हे महत्त्वाचं. एका मशीनवर आधी गिटार किंवा ड्रम घ्यायचे, मग ती टेप वाजवत ठेवायची, तिच्याबरोबर बेस वाजवायचा आणि दोन्ही मिळून दुसऱ्या मशीनवर उतरवायचं, मग ती दुसरी टेप वाजवत तिच्यावर गायचं आणि परत पहिल्यावर. याला आमच्यात बाऊन्स करणं म्हणतात. आज कंप्युटरवर शंभर ट्रॅक, म्हणजे वेगवेगळे ठेवलेले थर, घेऊन सहा महिन्यांनी मिक्स करणाऱ्या पोरांना यातली भीती कळणारच नाही. प्रत्येक उतरवणीत टेपची सरसर वाढते, वरचे स्वर बोथट होतात, आणि आधी जे मिसळलं ते कायमचं मिसळलं, बेस मोठा झाला तर झाला, मागे जाता येत नाही. म्हणजे पहिला ड्रम वाजवतानाच शेवटी गाणं कसं ऐकू यायला हवं ते डोक्यात पक्कं लागतं. ज्याची धार टिकायला हवी, खंजिरी म्हणा, वरचा आवाज म्हणा, ते शेवटच्या फेरीसाठी राखून ठेवावं लागतं.

'सो सॅड अबाउट अस' आणि 'सर्कल्स' या साठच्या दशकातल्या दोन डेमोंवर हे सगळं ऐकू येतं, मागे सगळं थोडं गढूळ आणि पुढे आवाज लख्ख. आता हे ऐकून कुणी कच्चं म्हणालं तर टेपच्या दर्जाला म्हणतोय की गाण्याला? गाण्यात कच्चं काही नाहीये. कुठलं वाद्य कुठे येणार, कुठे थांबणार, मागची हार्मनी कुठल्या शब्दावर उघडणार, सगळं ठरलेलं. 'सो सॅड अबाउट अस' तर 'द मर्सीज' या दुसऱ्याच जोडीनेही १९६६ मध्ये गायलं, आणि 'मॅजिक बस' 'द हू'च्या आधी १९६७ मध्ये 'द पुडिंग' नावाच्या बँडने काढलं होतं. गाणं विकायचं, तर ते लोकांना टेपवरच पूर्ण कळायला हवं, हा त्या काळातला सरळ धंद्याचा भाग.

पुढे १९६८ मध्ये त्याने ट्विकनमला थेम्सच्या काठी घर घेतलं, तिथे नीट स्टुडिओ केला, आठ ट्रॅकचं मशीन आलं, सिंथेसायझर आले. 'बार्गेन' आणि 'बिहाइंड ब्लू आइज' या काळातले, म्हणजे 'हूज नेक्स्ट' (१९७१) च्या आधीचे. हे दोन डेमो कुणाला नाव न सांगता ऐकवा, तो डेमो म्हणणारच नाही. 'बिहाइंड ब्लू आइज'मध्ये तो एकटाच स्वतःवर स्वतःचे आवाज चढवून हार्मनी गातो, आणि पुढे बँडने जे गायलं त्याचा आराखडा आधीच इथे आहे.

आणि मग याच्यापुढची पायरी, जी 'स्कूप'वर नाही पण त्याशिवाय हा विषय कळत नाही. 'वोन्ट गेट फूल्ड अगेन'मध्ये सुरुवातीपासून जे धडधडतं ऑर्गन आहे, ते त्याने घरी लॉरी कंपनीचं ऑर्गन 'ईएमएस व्हीसीएस ३' या सिंथेसायझरमधून काढून डेमोसाठी केलेलं. बँडने न्यूयॉर्कच्या स्टुडिओत ते परत करून पाहिलं, पण घरच्यासारखं जमलं नाही. घरची टेप तशीच लावली आणि तिच्यावर वाजवलं, मूनच्या कानाला हेडफोन, कारण टेप त्याच्यासाठी थांबणार नव्हती. 'बाबा ओ'रायली'चंही तेच, घरी केलेल्या लांबलचक ऑर्गनच्या टेपमधून कापून काढलेला तुकडा अख्ख्या गाण्याचा पाया झाला. म्हणजे ज्याला जग पक्कं रेकॉर्ड म्हणतं त्याच्या पोटात डेमो आहे. मग 'डेमो कच्चा, अल्बम पक्का' ही वाटणी या माणसापुरती तरी कुठे राहिली? असल्या टेपा ऐकायच्या असतील तर २००० चा 'लाइफहाउस क्रॉनिकल्स' नावाचा सहा सीडींचा संच आहे, खास करून त्याच्या फसलेल्या 'लाइफहाउस' प्रकल्पाचे डेमो.

आता 'स्कूप'वरच्या दोन-तीन जागा जवळून बघू, कारण असल्या संग्रहाचं परीक्षण व्हायचं असेल तर ते इथे होतं.

'लव्ह रेन ओ'र मी'. 'क्वाड्रोफेनिया' (१९७३) वर हे शेवटचं गाणं, डाल्ट्री त्यात आकाश फाडतो, त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा हंबरडा. डेमोत टाउनशेंड तेच शब्द, तीच चाल, जवळजवळ विनवणी केल्यासारखी गातो, आवाज चढतो पण फाटत नाही. बऱ्याच जणांनी यावरून 'बघा डेमो जास्त हळवा' असा निष्कर्ष काढला. माझं ऐकणं वेगळं आहे. डेमो ऐकल्यावर डाल्ट्रीने काय निर्णय घेतला ते कळतं, चालीत नसलेली हिंसा त्याने आणली, आणि गाण्याचा अर्थ बदलला. गीतकाराला पाऊस हवा होता, गायकाने वादळ आणलं. दोन्ही बरोबर आहेत आणि दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय यातलं एकही नीट कळत नाही.

'बार्गेन'चं उलटं. बँडच्या गाण्यात कडवी डाल्ट्री गातो आणि मधला शांत भाग टाउनशेंड, त्या दोन आवाजांच्या अदलाबदलीत गाण्याची अर्धी जादू आहे. डेमोत सगळं एकच माणूस गातो, त्यामुळे मधला भाग येतो तेव्हा काही उघडल्यासारखं वाटतच नाही. इथे डेमो हरतो, साफ हरतो. आणि ड्रम. डेमोवर टाउनशेंड स्वतः वाजवतो, सरळ, कामापुरतं, ठेका धरून. ते पाच मिनिटं ऐकून मग 'हूज नेक्स्ट'वरचा मून लावा, तो ठेका धरतच नाही, तो प्रत्येक ओळीला उत्तर देतो. मूनवर आजवर जेवढं लिहिलं गेलंय त्यापेक्षा या दोन टेपा एकामागून एक लावल्यावर जास्त कळतं.

तिसरी जागा 'पॉप्युलर', ज्याच्याबद्दल फार कमी लोक बोलतात. हेच गाणं पुढे 'इट्स हार्ड' झालं. मुखड्यातले शब्द बदलले, चालीचं हाड तेच राहिलं. डेमोतला मुखडा हलका, थोडा मिश्कील आहे, अल्बमवर त्याच जागी मूठ आवळून घोषणा आली. शेवटच्या काळात 'द हू'चं काय बिनसलं होतं, ते कुणी मला विचारलं तर मी लेख देणार नाही, या दोन टेपा देईन. हलकं गाणं जड करायची त्यांना सवय लागली होती. 'स्क्वीझ बॉक्स'मध्ये मात्र ते वाचले, डेमोवर बँजो-अकॉर्डियनची निव्वळ टवाळी आहे, आणि बँडने १९७५ मध्ये ती टवाळी तशीच राहू दिली, म्हणून ते गाजलं.

आता कुरकुरीकडे. पंचवीसपैकी सगळं टिकतं का, तर नाही. 'इनिशियल मशीन एक्सपेरिमेंट्स', 'रेकॉर्डर्स', 'क्वाड्रोफेनिया'चा न वापरलेला पियानो, 'टिपेरारी' हे तुकडे मला धंद्यामुळे आवडतात, इतरांनी उठून चहा करून आणला तरी चालेल. तुकडे ठेवलेच होते तर ज्या गाण्यातून ते निघाले त्याच्या शेजारी ठेवायचे ना. क्रम विस्कटल्यामुळे १९६६ नंतर लगेच सत्तरचं दशक, मग ऐंशीचं, आणि ऐकणाऱ्याला हा माणूस कुठून कुठे गेला ते हाताला लागत नाही. एका बैठकीत ऐकायला बरं जातं हे मान्य, पण दस्तऐवज म्हणून मार खातो. याबद्दल तेव्हाही फार कुणी तक्रार केलेली दिसत नाही, बहुतेक सगळे कव्हरवरच्या नोंदी वाचण्यात गुंग.

जवळपास त्याच वेळचं दुसरं उदाहरण न घेता पुढे जाता येणार नाही, ते म्हणजे ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 'नेब्रास्का', सप्टेंबर १९८२, 'स्कूप'च्या काही महिने आधी. न्यू जर्सीत कोल्ट्स नेकच्या घरी, टीॲकच्या चार ट्रॅकच्या पोर्टास्टुडिओवर, साध्या कॅसेटवर, बँडला शिकवायला म्हणून केलेली गाणी. बँडबरोबर करून पाहिली, पटली नाहीत, शेवटी खिशात फिरणारी तीच कॅसेट अल्बम म्हणून निघाली, आणि तिचा आवाज इतका क्षीण होता की ती तबकडीवर उतरवताना तंत्रज्ञांना घाम फुटला. अमेरिकेत तिसऱ्या नंबरापर्यंत गेला. समीक्षकांनी तेव्हाही डोक्यावर घेतला, आजही घेतात. मला वाटतं 'स्कूप'च्या परीक्षणांमध्ये जो 'कच्चं, प्रामाणिक' सूर शिरला त्याला ही ताजी हवा बरीचशी कारण असणार. पण दोघांत फरक किती आहे बघा. 'नेब्रास्का'त डेमोच अंतिम ठरला, कारण गाण्यांना तो एकटेपणा लागत होता. 'स्कूप'मधली बहुतेक मोठी गाणी लिहिलीच गेली होती चार जणांनी वाजवायला. पहिल्यात बँड नसणं हा अर्थाचा भाग आहे, दुसऱ्यात बँड नसणं ही रिकामी जागा आहे आणि आपण ती ऐकायची आहे. दोन्हींना एकच विशेषण लावलं की दोन्हींचं नुकसान.

आणि घरी केलं की कौतुक होतंच असंही नाही. पॉल मॅकार्टनीने १९७० मध्ये 'मॅकार्टनी' असाच घरी, चार ट्रॅकच्या स्टुडर मशीनवर, एकट्याने सगळी वाद्यं वाजवून केला, तेव्हा रिव्ह्यूवाल्यांनी बऱ्यापैकी झोडपला. कारण तो अल्बम म्हणून आला होता, बीटल्स फुटल्याच्या बातमीबरोबर आला होता, आणि लोकांना 'ॲबी रोड'च्या तोलाचं काहीतरी हवं होतं. त्यातले तुकडे कुणी 'एका गीतकाराची वही' म्हणून विकले असते तर त्याच लोकांनी मान डोलावली असती. वेष्टनावर काय लिहिलंय त्यावर कान बदलतो. समीक्षकाचाही, तुमचाही.

आता आपल्याकडचा धागा, तो ओढूनताणून आणलेला नाही. टाउनशेंड १९६० च्या दशकाच्या शेवटी मेहेरबाबांचा अनुयायी झाला. मेहेरबाबा मूळचे पुण्याचे, १८९४ चा जन्म, १९२५ पासून मौनात, ३१ जानेवारी १९६९ ला गेले, समाधी नगरजवळ अरणगावला मेहेराबादेत. 'बाबा ओ'रायली' मधले 'बाबा' ते हे, दुसरं नाव संगीतकार टेरी रायलीचं. आणि त्याचा पहिला एकट्याचा अल्बम, १९७२ चा 'हू केम फर्स्ट', तो तरी काय आहे? बराचसा घरच्या स्टुडिओतल्या टेपांचाच संग्रह. आधी मेहेरबाबांच्या अनुयायांपुरत्या थोड्या प्रती काढलेल्या, १९७० चा 'हॅपी बर्थडे' आणि मग 'आय ॲम', त्या बाहेर फिरायला लागल्यावर रेकॉर्ड कंपनीतर्फे रीतसर अल्बम आला. कव्हरवर साहेब अंड्यांवर उभे. 'प्युअर अँड ईझी'चा डेमो यातच आहे. शेवटचं 'परवरदिगार' म्हणजे मेहेरबाबांनी दिलेल्या प्रार्थनेला लावलेली चाल, आणि ती प्रार्थना आजही मेहेराबादेत आरतीच्या वेळी म्हटली जाते. नगरकडच्या कित्येक लोकांना प्रार्थना पाठ आहे आणि तिला ट्विकनममधल्या एका रॉकवाल्याने चाल लावलीये हे माहीत नाही, आणि रॉकवाल्यांना उलटं.

हे इथे सांगायचं कारण असं की 'स्कूप'मधलं 'बार्गेन' बहुतेक रिव्ह्यूंत प्रेमगीत म्हणून येतं. टाउनशेंडने स्वतः ते सगळं गमावून देव मिळवण्याचं गाणं असल्याचं सांगितलंय. डाल्ट्रीच्या आवाजात ते बाईला उद्देशून वाटू शकतं, डेमोत तसं वाटत नाही, तिथे एक माणूस खोलीत एकटा कुणाशी तरी बोलतोय हे ऐकू येतं. वर म्हणालो की बार्गेनचा डेमो हरतो, वाजवण्यात हरतो, पण या एका बाबतीत तो जास्त खरं सांगतो. आपल्याकडे अभंग ऐकत मोठा झालेला कान हे पटकन पकडतो, लंडन-न्यूयॉर्कच्या रिव्ह्यूवाल्यांच्या कानावर तो संस्कार नव्हता, त्यांना दोष नाही.

१९८७ ला 'अनदर स्कूप' आला. तोही डबल, तोही नोंदींसकट, पण बाजाराने फारसं विचारलं नाही. मला विचाराल तर गाणी म्हणून हा जास्त भरलेला आहे, 'पिनबॉल विझर्ड', 'सब्स्टिट्यूट', 'हॅपी जॅक', 'पिक्चर्स ऑफ लिली', 'द किड्स आर ऑलराइट', मोठ्यातली मोठी गाणी यात. मेहेरबाबांचं आवडतं 'बिगिन द बिगीन'ही. शिवाय 'ब्रूकलिन किड्स' आणि 'फुटबॉल फ्यूग' या गाण्यांना टाउनशेंडचे सासरे एडविन ॲस्टली यांनी ऑर्केस्ट्रा लावलेला, म्हणजे हे डेमो कुठल्याच व्याख्येने राहिले नाहीत. तरी लिहिणाऱ्यांचा उत्साह कमी, कारण कपाट उघडण्याची नवलाई संपली होती. 'स्कूप ३' २००१ ला आला, तोवर टाउनशेंड ते स्वतःच्या वेबसाइटवरून विकत होता, म्हणजे ज्याला हवंय तोच येणार.

ही पद्धत पुढच्यांनी उचलली. 'वीझर' या बँडच्या रिव्हर्स कुओमोने २००७ मध्ये 'अलोन' हा घरच्या टेपांचा अल्बम काढला, मग आणखी भाग, आणि २०२० मध्ये तर दोन हजारांहून जास्त डेमो स्वतःच्या साइटवर गठ्ठ्यांनी विकायला ठेवले. गठ्ठ्यावर परीक्षण कोण लिहिणार? निवड हीच परीक्षणाची पहिली पायरी असते, ती गेली की समीक्षकाला धरायला काही उरत नाही. 'स्कूप'मधले पंचवीस तुकडे मला जास्त वाटतात, पण ते कुणीतरी निवडलेत.

तर ऐकायचं कसं. पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग ऐकू नका, दोनदा तेच करून तुमचा रस गेला असणार. 'हूज नेक्स्ट' आणि 'क्वाड्रोफेनिया' हाताशी ठेवा. 'बार्गेन' डेमो, मग बँड. 'बिहाइंड ब्लू आइज' तसंच. मग 'लव्ह रेन ओ'र मी', पण इथे आधी बँड आणि मग डेमो, उलट क्रमाने डेमो बिचारा अंगावर येत नाही. 'पॉप्युलर'नंतर 'इट्स हार्ड'चं ते एकच गाणं, अख्खा अल्बम ऐकायची सक्ती नाही. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बघायची, कुठली गोष्ट त्याने आधीच ठरवली होती आणि कुठली दुसऱ्याने येऊन बदलली. ज्यांची बँडची आवृत्तीच नाही अशी 'डर्टी वॉटर', 'यू केम बॅक', 'टू बार्नी केसल', आणि ज्याची बँडची आवृत्ती १९९० च्या दशकापर्यंत बाहेर आली नव्हती ते 'मेलँकोलिया', ही त्यानंतर, स्वतंत्र गाणी म्हणून, आणि त्यांना डेमो म्हणून सवलत द्यायची नाही. 'मेलँकोलिया' त्या परीक्षेत सहज पास होतं, 'डर्टी वॉटर' माझ्या मते नापास. कव्हरवरच्या नोंदी मात्र सगळं ऐकून झाल्यावर वाचा, आधी वाचल्या तर टाउनशेंड तुम्हाला काय ऐकायचं ते शिकवून टाकतो, आणि तो फार पटवून सांगतो.